मामांनी सभापतीची खुर्ची सोडली

माझ्या काठीनं एका माणसाचा डोळा गेला आणि माझ्या मामांचा हात मोडला. दोन्ही एकाच दुपारी, भर गावसभेत.

बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या भागात सरकारी कचेरीकडं कुणी फिरकत नव्हतं. कडेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावानं आपली सभा नेमली होती. शाळेच्या पटांगणात ती भरायची आणि तंटे तिथंच सुटायचे. माझे थोरले मामा सभापती होते. ते पलटणीत हवालदार होते, पायात गोळी लागून घरी आले होते.

महायुद्धात इटालियन कैद्यांच्या बोटीवर पहारा देत ते दक्षिण आफ्रिकेला गेले होते. बोट दुरुस्तीला लागली, तेव्हा एका साहेबानं त्यांना केपटाउनची पार्लमेंट दाखवली. बाहेर हॉटेलात त्यांना शिरू देत नव्हते, आतही गोऱ्यांपासून लांब बसवलं. पण मामांच्या मनात राहिला तो उंच खुर्चीवरचा काळ्या झग्यातला सभापती. तो उभा राहिला की भांडणारे खाली बसत. आधीच्या सभापतींच्या तसबिरी भिंतीवर ओळीनं लावलेल्या होत्या. आपल्याला माणूस न मानणाऱ्यांकडूनही एवढं घ्यावं, असं मामा म्हणायचे. म्हणून आमच्या सभेत एका वेळी एकच जण बोले आणि हात कुणीच उचलत नसे.

माझा धाकटा भाऊ भूमिगतांना भाकरी पोचवायचा. पोलिसांनी त्याला ज्वारीच्या रानात गाठला आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. बैलगाडीतून घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. पाचव्या दिवशी तो गेला. आमच्या बांधाला बांध असलेल्या एका शेतकऱ्याला कुणीतरी ठाण्याबाहेर पाहिलं होतं. खबर त्यानंच दिली, असं गाव बोलू लागलं आणि सभेनं त्याला बोलावलं.

मामांनी साक्षीदाराला ठाण्याबाहेर पाहिल्याचा वार विचारला. त्याला तो धड सांगता येईना. शेतकरी म्हणाला, चोरीला गेलेल्या बैलाची वर्दी द्यायला गेलो होतो. बैलाची चौकशी करून पुढच्या बाजाराला निकाल देऊ, असं मामा म्हणाले. एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पुढं होऊन मी काठी घातली. शेतकरी तोंड धरून कोसळला, त्याच्या बोटांतून रक्त वाहू लागलं. दुसरा घाव मामांनी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी थांबलो नाही. तोवर आणखी दहा-पंधरा जण तुटून पडले होते. मामा त्या माणसावर पालथे पडले आणि म्हणत राहिले, "सभा चालू हाय. खाली बसा." आपण कुणाला मारतोय हे लोकांच्या ध्यानात आलं, तेव्हा काठ्या थांबल्या.

पुढच्या सभेला मामा हाताला बांबूच्या कामट्या बांधून आले. पहिलं प्रकरण माझंच होतं. मामा खुर्चीवरून उठले.

"आरोपी माझा भाचा हाय. हितं म्या बसनार न्हाई."

दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन येऊन गावात स्थायिक झालेल्या एका म्हाताऱ्या धनगराला त्यांनी खुर्चीवर बसवलं. काही जण कुरकुरले. म्हातारा खुर्चीच्या कडेला टेकला आणि त्यानं मला एकच विचारलं, "मारताना तुला ठावं हुतं का, त्यो दोषी हाय म्हून?"

"न्हाई," मी म्हणालो. "भाऊ गेला हुता."

तळपायावर काठ्या माराव्यात, असं काहींचं म्हणणं पडलं. म्हातारा म्हणाला, "मारून लय झालं. त्याचा ऊस तुटूस्तवर ह्यो त्याच्या रानात राबंल."

मी राबलो. मोट हाकली, पाणी पाजलं, ऊस बांधला. शेतकरी डोळ्याला फडकं बांधून बांधावर बसे, माझ्याकडं न बघता. त्याची बायको भाकरी लांब ठेवून निघून जाई. मधल्या काळात त्याचा बैल एका दूरच्या बाजारात सापडला, म्हणजे वर्दीची गोष्ट खरी होती. भावाची खबर कुणी दिली, ते मात्र आजवर कळलेलं नाही. बैल सापडल्याचं ऐकलं त्या दिवशी अंधार पडला तरी मी मोट सोडली नाही.

मामांचा हात वाकडाच जुळला. गावानं विनवलं तरी ते पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत. लोकांत बसत आणि बोलायचं असलं की त्या म्हाताऱ्याची परवानगी मागत. माझ्याशी घरात ते पूर्वीसारखेच बोलत. मला तेच जास्त जड जाई.

शेवटची मोळी गाडीत चढली, तेव्हा तो शेतकरी माझ्याजवळ आला. त्याचा डोळा आत गेला होता, पापणी शिवल्यासारखी मिटलेली. मी पाया पडायला वाकलो, तसा तो मागं सरला.

"उद्यापास्नं येऊ नगंस," तो म्हणाला आणि गाडीपुढं चालू लागला.