गपमामांचा शब्द

हिंगोलीत सून म्हणून आले, त्या आठवड्यात परक्या माणसाकडून माझं पहिलं स्वागत झालं ते "गप!" असं. जहागीरदाराच्या बागेतल्या विहिरीवर मी पाणी शेंदत होते. बादली काठावर आपटली आणि तारेच्या कुंपणापलीकडून लाल पागोट्यातला एक माणूस असा खेकसला, की दोर हातातून सुटता सुटता राहिला. सासूबाई हसून म्हणाल्या, "भिऊ नको. त्यो गपमामा हाय. दुसरं काही येतच न्हाई त्याला."

खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा तांड्यातले. वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य न् मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. बुजलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून "गप" म्हणायचं, ही त्यांची पिढीजात विद्या. जहागीरदाराला हौस आली, त्याने बागेत चितळं पाळली आणि जनावरांचा माणूस म्हणून मामांना तांड्यातून उचलून आणलं. निजामी अंमल होता, नाही म्हणायची सोय नव्हती. मागे तांड्यावर बायको वारली, तिच्या मातीलाही मामा पोचले नाहीत. पोरबाळ नव्हतंच. जे काही होतं ते त्या कुंपणाच्या आत होतं.

शब्द एकच, पण सूर दोन होते. माणसांना तो गोफणीच्या दगडासारखा लागायचा. हरणांना म्हणताना मात्र मामा तो घशातल्या घशात लांबवायचे, "गऽऽप". चिंचेखाली बसलेली हरणं तेवढ्यावर कान सैल सोडून पुन्हा रवंथ करायला लागायची. त्यात एक मादी होती, फाटक्या कानाची. तिला ते नुसतं 'बाई' म्हणायचे. ती त्यांच्या हातातून पाला ओढून खायची आणि मग पागोट्याचा शेव चघळायची. तेव्हा मामा हसायचे. दात नसलेलं ते हसू मी फार तर तीनचारदा पाहिलं असेल.

बाजाराच्या दिवशी बाग सर्वांना खुली असे. बाजार उरकला की माणसं लेकरांना खांद्यावर घेऊन हरणं बघायला लोटायची. टाळ्या, शिट्ट्या, खडे, शेंगांची टरफलं. हरणं पार मागच्या भिंतीला जाऊन एकमेकांना चिकटून उभी राहायची. चाऱ्याला तोंड नाही, बसणं नाही, रवंथ नाही. नर तेवढा कुंपणाकडेने फेऱ्या घालत राहायचा. माणसं निघून गेली तरी दुसरा दिवस तसाच जायचा. आणि हरणं बसेपर्यंत मामाही भाकरीला हात लावायचे नाहीत. मी म्हटलं, "मामा, जेवून घ्या की." तर म्हणाले, "ते उभे हायेत न् मी काहून बसू?"

पण मामांचा स्वभावही काही कमी नव्हता. ते जितके ओरडत, तितका लोकांना चेव येई. आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर. ते एकदा समजावायला गेले, "मामा, तुम्ही गप्प राहिलात तर लोकही राहतील." उत्तर काय मिळालं असेल, ते सांगायला नकोच. हळूहळू तो खेळच झाला. हरणं बघायला येणारा जो तो मामांची नक्कल करू लागला. कुंपणाच्या या टोकाला एक "गप!" म्हणे, त्या टोकाला दहाजण. खडा बसायचा तोही "गप!" म्हणून.

आणि एका शांत सकाळी, बागेत चिटपाखरू नसताना, मामा पाला घेऊन आत गेले. बाईला नुकतं पाडस झालं होतं. ती त्याला पाजत होती. मामा नेहमीसारखं म्हणाले, "गऽऽप." बाई दचकून उसळली ती थेट भिंतीला जाऊन आदळली. पाडस जागीच थरथरत राहिलं.

मामा विहिरीपाशी येऊन खाली बसले. मी पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. म्हणाले, "सूनबाई, माझा शबुद बाटला."

 

त्यानंतर मामा मुके झाले. आत जाताना बोलायचे नाहीत, माणसांवर ओरडायचे नाहीत. दिवसच्या दिवस खपून त्यांनी बाईला पुन्हा हाताशी आणलं, नुसत्या हाताने. पण लोकांना तो शब्द हवाच होता. "मामा, काहून रुसले? म्हणा की!" म्हणत ते जास्तच ओरडायचे.

निजामी संपली त्या दिवसांत जहागीरदार रातोरात निघून गेला आणि बागेचं फाटक उघडं पडलं. गाव लोटला. माणसं वाईट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्याने ओरडायला मिळत होतं, म्हणून ओरडत होती. आम्हीही गेलो होतो. काहीजण कुंपणाचं दार ढकलून आत शिरले. मामा हात पसरून आडवे उभे राहिले, तोंडातून ब्र नाही. त्यांना ओळखून कुणीतरी हसत ओरडलं, "गप!" आणि सगळ्यांनी तो शब्द उचलला. टाळ्यांच्या ठेक्यावर गप, गप, गप. हरणं फुटली. दोनतीन दारातून माणसांच्या अंगावरून बाहेर गेली. बाई तारेत गेली.

मामांनी तिला सोडवून मांडीवर घेतलं तेव्हा मान मोडली होती, पण जीव होता. आणि ती सगळी गर्दी एकदम शांत झाली. कुणी सांगितलं नव्हतं. मामांना जन्मभर जी शांतता हवी होती, ती ही अशी मिळाली.

बाईचं अंग थडथडत होतं. मामांनी तिच्या मानेवर हात ठेवला. राहवलं नसेल. अगदी हलकेच, जुन्या सुरात ते म्हणाले, "गऽऽप."

तिचा फाटका कान ताठ झाला. मोडल्या मानेने ती उठून पळायला धडपडली आणि त्या धडपडीतच गेली.

मामा दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत. औंढ्याकडे कुठल्या तांड्यावर गेले असं कुणी म्हणालं. आम्ही चौकशी केली, पत्ता लागला नाही.

मला पुढे लेकरं झाली, नातवंडं झाली. लेकरू रडलं की आपल्याकडे बायांच्या तोंडी आपोआप येतं ते "गप गं, गप रे." माझ्या तोंडी ते कधी आलं नाही. मी नुसतं थोपटत बसते.