आधी ऐकू दे

"थांब. आधी ऐकू दे," असं म्हणून काकाजी काठी वर करायचे आणि दारावरचं छत दोनदा ठोकायचे. उजव्या हातात काठी, डावा तळवा छताला टेकवलेला, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "पक्की आहे. चल आता." त्यानंतरच त्यांचं पाऊल आत पडायचं. घर कुणाचंही असो.

आम्ही जबलपूरला सराफ्यातल्या एका गल्लीत राहतो. घरं जुनी, बुटकी. बाबा एका सराफाकडे कारागीर आहेत. काकाजी समोरच्या घरातल्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. छिंदवाड्याकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी सगळी नोकरी केली. खाण बंद झाली आणि काकू आजारी पडल्या, म्हणून नेपियर टाउनमधल्या डॉक्टरांसाठी दोघं इथे आले. काकू गेल्या. काकाजी राहिले. परत कुठे जायचं, हे बहुतेक त्यांना सुचलं नसावं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि त्याच सवयीची सगळ्यांना गरजही पडते. उन्हाळ्यात माठ घ्यायचा तर काकाजींना बोलवायचं. ते कुंभाराच्या गाडीपाशी उकिडवे बसून एकेक माठ बोटाने वाजवायचे. "हा नको, ताई. याच्या पोटात चीर आहे," ते आईला सांगत. टरबूजवाला तर त्यांना येताना पाहूनच ओरडायचा, "दादाजी, आज रहने दो, मेरा धंधा मत बिगाड़ो!"

घरमालकीणबाई मात्र वैतागायच्या. "काहून ठोकून राहिले हो रोज? चुना पडून राहिला माझ्या पोह्यात!"

"चुना पडू द्या बाई," काकाजी म्हणायचे, "छत नको पडायला."

एकदा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे नवीन पांढरं छत बसवलेलं. काकाजींनी काठी लावली, ऐकलं, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. "वरून पोकळ आहे. मी इथंच बरा." शेवटी डॉक्टरच बाहेर आले आणि त्यांनी पायरीवर बसून रक्तदाब तपासला.

खाणीतल्या छताला ते चाल म्हणत. सुरुंग उडवल्यावर सगळ्यांत आधी आत जायचं, लोखंडी सळईने चाल ठोकायची, सुटलेले दगड पाडायचे, हे त्यांचं काम. चांगली चाल घंटेसारखी वाजते आणि वाईट चाल भद्‌ असा आवाज करते. "ती सांगते ना आपल्याला. ऐकणारा पाहिजे," ते म्हणायचे. साहेब मागून ओरडायचे, जल्दी करो. काकाजी घाई करत नसत. "मी पक्की म्हटल्याशिवाय कोणी आत नाही गेलं, बेटा. एकही नाही. मोठा साहेब पण उभा राहायचा." हे सांगताना ते ताठ बसायचे. एवढी एकच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात मी मागच्या बाकावर बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं की बंद पडलेल्या एका खाणीत संग्रहालय झालंय, तिथे सहल जाणार आहे. खाणीत काम केलेलं कुणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता. मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर काकाजींना नेण्यामागे माझा तो स्वार्थ होता.

ती खाण काकाजींची नव्हती, शेजारची होती. तरी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. बसमध्ये पाच तास ते खिडकीकडे तोंड करून बसले. अधूनमधून विचारायचे, "तुझ्या मॅडमला सगळं सांगायचं ना? कुठून सुरू करू?"

संग्रहालयात ते खूश होते. टोप्या, दिवे, सळया, सगळं काचेआड. त्यांनी मुलांना सळई कशी धरायची ते हवेत करून दाखवलं. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. एका मुलीने माझ्या कानात म्हटलं, "तेरे अंकल तो मस्त हैं यार." मला आकाश ठेंगणं झालं.

शेवटी एक बोगदा होता. आत अंधार, भिंतींना काळा रंग, कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा रेकॉर्ड केलेला आवाज. पर्यटकांसाठी बांधलेला, हे सगळ्यांना दिसत होतं. काकाजी तोंडाशी थांबले. काठी वर गेली, डावा तळवा टेकला.

त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा ठोकलं. मग दोन्ही हात पसरून ते बोगद्याच्या तोंडात आडवे उभे राहिले.

"कोणी आत नाही जायचं! पीछे हटो सब. चाल पोकळ आहे."

मग संग्रहालयाचा गाइड हसला. "अरे अंकलजी, ये तो प्लाय है, ऊपर से प्लास्टर. गिरेगा भी तो टोपी टेढ़ी होगी, बस." वर्ग खो खो हसला. कुणीतरी हात पसरून त्यांची नक्कल केली. आणि मुलं त्यांच्या हाताखालून वाकून, एकेक करून आत शिरू लागली.

काकाजींचे हात तसेच पसरलेले होते. ते कुणाला पकडत नव्हते, फक्त उभे होते. मी सगळ्यांत मागे होते. ते मला म्हणाले, अगदी हळू, "बेटा, तू तरी थांब."

मघाची ती मुलगी आतून मला हाक मारत होती. मी पण हसले. आणि वाकून आत गेले.

बोगदा पन्नास पावलांचासुद्धा नव्हता. दुसऱ्या टोकाला चहाचं दुकान होतं. काकाजी बाहेरून वळसा घालून आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन ठेवला होता. त्यांनी तो प्यायला. परतीच्या वाटेवर मॅडमनी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "आमचं काय, जुनी सवय."

गल्लीत उतरलो. मी त्यांना खोलीपर्यंत सोडायला गेले. दाराशी मी आपोआप थांबले, ते ठोकतील म्हणून. ते सरळ आत गेले.

त्यानंतर त्यांनी कुठलंच छत ठोकलं नाही. घरमालकीणबाईंनाही चुकल्यासारखं व्हायला लागलं. "काही दुखून तर नाही राहिलं त्यांचं?" त्या आईला विचारायच्या. उन्हाळा आला, आईने माठ बघायला बोलावलं. काकाजी म्हणाले, "आता नाही कळत, ताई. तुम्हीच बघा." त्या वर्षी आमचा माठ गळका निघाला.

सहलीचा अहवाल लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाइडचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. ये तो प्लाय है, ऊपर से प्लास्टर. मध्ये काहीच नाही. म्हणजे छत पोकळच होतं. काकाजींनी तेच तर सांगितलं होतं. इतक्या वर्षांनंतर, इतक्या गर्दीत, पहिल्या ठोक्याला त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या कानाने चूक केलीच नव्हती.

हे त्यांना सांगायला मी गेले होते. दार लोटलेलं होतं, आत रेडिओ चालू होता. "काकाजी, तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते विचारतील, तर तू काहून गेली आत? परीक्षा झाल्यावर सांगू, असं ठरवून मी परत आले.

शेवटचा पेपर देऊन संध्याकाळी घरी आले तर समोरच्या खोलीला कुलूप होतं. काकाजींना सकाळी चक्कर आली होती. बैतूलला दिलेली त्यांची मुलगी गाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. आई म्हणाली, "तुझी विचारपूस केली त्यांनी. पेपर कसा गेला म्हणाले." आठ दिवसांनी बैतूलहून फोन आला. काकाजी गेले होते.

परवा ती खोली रंगवायला काढली. मी गेले तेव्हा रंगारी जेवायला गेला होता. दारावर, काठी लागायची तिथे, चुन्यात छोटे छोटे खळगे पडलेले होते. कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याच्या दांड्याने मी दोनदा ठोकलं. डावा तळवा टेकवला. डोळे मिटले.

आवाज आला. चांगला की वाईट, मला कळलं नाही.

आत जायला कोणाची हरकत नव्हती. तरी रंगारी परत येईपर्यंत मी दाराबाहेरच थांबले.