काटाआत्या

आमच्या आत्याला नुकत्याच उठलेल्या माणसाशी कामाचं बोलणं मान्य नव्हतं. "थांब, आधी तेल वर पोचू दे," म्हणायची आणि चहाचा कप पुढे सरकवायची. माझं तेल पोचायला घरात सगळ्यांत जास्त वेळ लागतो, हे तिनं जाहीर करून टाकलं होतं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

हे तेल गाडीतलं. यजमान गेल्यावर त्यांची जुनी विलायती गाडी विकून टाक, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. ती उलट गाडी चालवायला शिकली, आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास वाशीला राहायला आल्यावर तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर मनसोक्त फिरवू लागली. पुढे इंजिन खोलायला आणि जोडायलाही शिकली. नव्यानं जोडलेलं इंजिन कोरडंच सुरू केलं तर बेअरिंगं जळतात. म्हणून प्लग काढून पुढून हँडल मारत राहायचं, आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा उठला की मगच प्लग लावायचे. "काटा उठल्याशिवाय गाडी सुरू करायची नाय," हा तिचा कायदा. त्यावरून आम्ही भाचरं तिला काटाआत्या म्हणायचो.

माझ्या लग्नात नवरदेव तिच्याच गाडीतून पनवेलला जाणार होता. इंजिन कसंबसं आदल्या दिवशी जोडून झालं. वऱ्हाड सकाळीच बसनं पुढे गेलं. मागे राहिलो आई, बाबा, आत्या आणि मुंडावळ्या बांधलेला मी. हँडल माझ्या हातात आलं, कारण लग्नाआधी माणसाचे हात चालतात का ते कळलेलं बरं, असं आत्याचं मत होतं. बाबा आत बसून काटा बघणार होते.

मी हँडल मारू लागलो. मुंडावळ्या नाकावर येत होत्या, सिल्कचा झब्बा पाठीला चिकटला होता.

"दादा, उठला का?" आत्या विचारायची.

"अजून नाही," बाबा म्हणायचे.

शेवटी मी बॉनेटवर आडवा झालो, तेव्हा आत्यानं स्वतः आत डोकावून पाहिलं. काट्याच्या काचेवर कुंकवाचं जाडजूड स्वस्तिक होतं. गाडीत मुख्य काय, असं आईनं पहाटे विचारलं होतं आणि आत्यानं काटा दाखवला होता. आईनं पूजा तिथेच केली. बाबांना काटा दिसतच नव्हता, पण तसं सांगितलं तर कुंकू पुसावं लागणार, म्हणून ते आपले 'अजून नाही' म्हणत राहिले.

"लग्नाच्या दिवशी कुंकू पुसायचं नाही," आई म्हणाली.

मुहूर्त जवळ येत होता. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. अंधश्रद्धेवर कॉलेजात भाषणं ठोकलेल्या मी आईकडे पाहिलं.

"वहिनी, माझं पुसलं तेव्हा कुणी काय विचारलं नाय," आत्या शांतपणे म्हणाली. "ही तर काच आहे."

तिनं पदरानं काच पुसली आणि मला पुन्हा हँडल मारायला लावलं. काटा लगेच उठला. बहुधा मघापासून उठतच होता.

मुहूर्त गाठला. आत्या पदरावरच्या लाल डागासकट मंडपभर फिरली. बायकोनं डागाचं विचारलं तेव्हा मी सगळी हकिगत सांगितली. त्या हकिगतीत माझ्या हँडल मारण्याचंच कौतुक जास्त होतं.

काही वर्षांनी आत्या गेली. फार रडलो मी. तिला न्यायच्या आधी बायकोनं करंडा आणून माझ्यापुढे धरला. जमलेल्या बायका आईकडे पाहू लागल्या. आईकडे पाहायची मला जन्माची सवय, पण त्या दिवशी पाहिलं नाही. बोटानं कुंकू घेतलं आणि आत्याच्या कपाळाला लावलं.

आई उठून जवळ आली. आता बोलणार, असं मला वाटलं.

"वाकडं लावलंस," ती म्हणाली, आणि तिनं ते नीट केलं.