आजीचं चित्र काढा

माझ्या थोरल्या बहिणीला पिवळा रंग आवडत नाही. कपड्यांत नाही, भिंतींवर नाही, फुलांतही नाही. पण कॉम्प्युटरवर एखादी पीडीएफ उघडली, की तिच्या हाताला काय होतं कोण जाणे, पहिल्या ओळीपासून पिवळं फासायला सुरुवात. मुलांच्या पुस्तकांचं संपादन हे ताईचं काम. ती पुस्तकं जिथे निघतात तिथे पानं लावायचं काम माझं. म्हणजे तिने पिवळं करायचं आणि मी निस्तरायचं. एकदा तिने अख्खं पान पिवळं करून कोपऱ्यात टीप चिकटवली होती, "छान." सकाळभर मी त्या पानात चूक शोधत होते.

इमारतीच्या सेक्रेटरींनी पाणी बंद राहणार असल्याची नोटीस मोबाइलवर पाठवली, तर तीही ताईने तपासून परत केली. एक 'कृपया' जास्त, एक पूर्णविराम कमी. तेव्हापासून सेक्रेटरी नोटीस जिन्यात चिकटवतात. तिथे हायलाइट करता येत नाही.

भावोजी चित्रकार. ताई पुढच्या खोलीत बसते, ते मागच्या खोलीत खिडकीपाशी, मधे एक भिंत. तरी कामाचं सगळं बोलणं टिपांतून. "तोंडी सांगितलेलं हे विसरतात," असं ताईचं म्हणणं. "टिपेशी भांडता येत नाही ना, म्हणून," असं भावोजींचं. टिपाही अशा, की शब्दागणिक पैसे पडत असावेत. "शेपूट लहान." "ढग नको." "बघा." काय बघा, ते ज्याचं त्याने शोधायचं. आणि एकदा खोट काढल्यावर भावोजींनी कितीही गयावया केली, तरी "राहू द्या" असं तिने लिहिलेलं मला तरी आठवत नाही.

परवा आजीच्या हरवलेल्या चष्म्याचं पुस्तक चाललं होतं. भावोजींनी चष्मा शोधणारी आजी काढली आणि तिला आपल्या आईचा चेहरा दिला. त्या जाऊन वर्ष होत आलं होतं. ताईचं आणि तिच्या सासूबाईंचं तसं फारसं पटलं नाही कधी. कडाक्याची भांडणं नव्हती. एकीने हलवलेली बरणी दुसरीने मुकाट्याने पुन्हा जागेवर ठेवायची, यातच वर्षं गेली. त्यामुळे ते पान ताईकडे पाठवताना भावोजींचा मला फोन आला. "तुझ्या बहिणीला आवडलं म्हणजे मिळवली," म्हणाले. एवढे दबकून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताईची टीप आली. आजीच्या चित्राखालची ओळ पिवळी, आणि शेजारी: "आजीचं चित्र काढा."

भावोजींनी काढलं. आजी गेली, तिच्या जागी कुंडी आली. उत्तरादाखल त्यांनी टिपेखाली "बरं" एवढंच लिहिलं आणि घरात अबोला धरला.

फाइल छपाईला जायच्या दिवशी सकाळीच ताईचा फोन. आवाज चढलेला.

"ही कुंडी कसली गं? मी आणखी एक आजी मागितली, तर होती तीही काढून घेतली ह्यांनी! माझ्या टिपांचा एवढा राग?"

"आणखी एक?" मी उडालेच.

"मग! शेजारचं पान रिकामं पडलंय, तिथे काढा म्हटलं. आईंचा चेहरा किती हुबेहूब आला होता. एका पानावर भागतंय होय?"

"मग टीप रिकाम्या पानावर टाकायची ना!"

"रिकाम्या पानावर पिवळं काय करू? ओळ नको?"

मी कपाळाला हात लावला. "ताई, तू काय लिहिलंस? चित्र काढा."

"बरोबर आहे. चित्र काढतातच. शिजवत नाहीत."

"काढूनही टाकतात."

जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या पकडणारी माझी बहीण आपल्याच तीन शब्दांत अडकली होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे ह्यांना वाटलं, आई नकोत मला? त्या गेल्यावरसुद्धा?"

"जा, सांग जाऊन. फाइल संध्याकाळी जायचीय."

"टीप टाकते ना."

"ताई! तोंडाने सांग!"

फोन ठेवायचंही भान तिला राहिलं नाही. खुर्ची सरकली, दार वाजलं, आणि मला सगळं ऐकू आलं.

"अहो, काढा म्हणजे काढून टाका नव्हे! काढा!"

"म्हणजे काय करू?" भावोजींचा आवाज.

"म्हणजे काढा हो! आईंना काढा! आणखी काढा!"

मग भावोजी हसायला लागले, आणि ताई नाक ओढायला लागली. मी फोन ठेवला.

दुपार कलल्यावर पानं आली. कुंडी गेली होती, आजी आपल्या जागेवर परत आली होती. शेजारच्या पानावर चष्मा सापडला होता, एका बरणीत. बरणीला एका बाजूने आजीने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने सुनेने, आणि दोघी डोक्याला डोकं लावून आत डोकावत होत्या. सुनेच्या कानावर पिवळं पेन, आणि नाक जरा जास्तच मोठं. गोष्टीत सून नाहीच. तरी मी फाइल ताईकडे पाठवून दिली.

परत आली तेव्हा ते पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पिवळं झालं होतं. टीप एकच होती.

"माझं नाक एवढं नाही. राहू द्या."