दोन मार्कशीट

बारावीला मला फर्स्ट क्लास मिळाला म्हणून आण्णांनी, माझ्या वडिलांनी, अख्ख्या वारूळवाडीत पेढे वाटले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर कळलं की तिथं एकूण टक्क्यांना कुणी विचारत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित, एवढाच ग्रुप बघतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट, सीईटी अजून यायची होती. माझा ग्रुप कमी पडला. मला वर काढलं होतं ते इंग्रजी-मराठीनं.

मग पुन्हा बारावीला बसून मार्क वाढवायचं ठरलं. एकच वर्ष, दुसरं मिळणार नाही, हे आईनं बजावलं. गावात जो तो विचारायचा, नापास झाली का गं? पास होऊनही परत बसतात हे सांगून सांगून माझं डोकं उठायचं. शेवटी मी दुकानात जाणंच बंद केलं.

आण्णांचा टोमॅटोचा मळा. ऐन तोडणीतसुद्धा त्यांनी मला हाक मारली नाही. पण इंग्रजी आणि मराठीची पुस्तकं त्यांनी माळ्यावर टाकली. त्यात मी पास झालेच होते, कॉलेज ते मार्क मोजत नव्हतं, मग वेळ कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशोब.

इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी मी वेणी घालून तयार झाले. हॉल तिकीट त्यांच्यापुढं धरलं, त्यावर इंग्रजी लिहिलेलं दाखवलं.

"तोडून झालेल्या वावरात परत बाया लावत्यात व्हय?" ते म्हणाले. "फिजिक्स कर."

मी हॉल तिकीट परत पुस्तकात ठेवलं. मग फिजिक्स केलं. मराठीच्या दिवशीही तेच.

निकाल लागला. तिन्ही विषयांत मार्क इतके वाढले होते की मी दोनदा वाचले. खाली लिहिलं होतं, अनुत्तीर्ण. सगळे विषय एकाच वेळी पास व्हावे लागतात, हे बारावीच्या सरांनी तेव्हा सांगितलं. त्या क्षणापासून मी आण्णांशी बोलणं टाकलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुण्याला गेले. कॉलेजच्या खिडकीवर त्यांनी दोन्ही मार्कशीट शेजारी शेजारी ठेवल्या. भाषा गेल्या सालच्या घ्या आणि ग्रुप औंदाचा, म्हणाले. क्लार्कनं नाही म्हणून मान हलवली. एकच चालेल, आणि पास झालेली.

"दोन्ही हिच्याच हायेत, सायेब. शिक्के बगा."

क्लार्कनं नवी मार्कशीट नीट वाचली. "काका, ही पास असती तर आज इथंच अ‍ॅडमिशन झालं असतं," तो म्हणाला. आण्णा तरी हलले नाहीत. मागची माणसं कुरकुरायला लागल्यावर मीच त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. माझ्या हातात जुने मार्क उरले, त्यावर बीएस्सी मिळणार होती.

एसटीत ते खिडकीशी बसले. गाडी सुटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वरीस तुझं व्हतं, घालवलं मी. काय बोलायचं ते बोल. पण आशी गप नको बसू."

मी बोलायला लागले. आवाज चढला, पुढच्या बाया वळून बघायला लागल्या, कंडक्टर थबकला. आमचं उतरायचं नारायणगाव येईपर्यंत मी बोलत होते, आणि आण्णा एकेका शब्दाला मान हलवत होते.