हेच-ना काका

आमच्या वाशीच्या वसाहतीत एक गृहस्थ असे होते, की त्यांच्याशी वाद घालायला गेलं तर आधी तुमची बाजू तेच मांडून द्यायचे. तीही तुमच्यापेक्षा बरी. चष्मा कपाळावर चढवायचे, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." अशी सुरुवात करायचे आणि शेवटी मान तिरकी करून विचारायचे, "हेच ना?" समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत ते स्वतःच्या मताचं एक अक्षर तोंडातून काढत नसत. "हेच" म्हटलं की मात्र खैर नसे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. लहानथोरांना ते हेच-ना काका.

मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले ती ऐंशीच्या आसपास, दोन ट्रंका घेऊन. एकीत साड्या, दुसरीत कादंबऱ्या. कादंबऱ्यांची ट्रंक तीन जिने चढवताना पाठीत भरलेली उसण अजून गेली नाही, असं आमचे हे आजही पाहुण्यांना सांगतात. वाशी तेव्हा अर्धी बांधलेली आणि अर्धी नकाशात होती. मुरुमाचे ट्रक, उघड्या सळया, संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा आंबूस वास. सगळेच नवे, त्यामुळे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. काकांनी मला पहिल्याच दिवशी "काय सांगली, वाचनाची आवड दिसते" अशी हाक मारली आणि मी सांगली झाले ती झालेच.

काकांच्या तळमजल्यावरच्या घराला पुढे जाळी लावलेली गॅलरी होती. तिथे रविवारी सकाळी बैठक भरायची. बांधकामाच्या सामानाचं दुकान असलेले हसनभाई यायचे. ते पनवेलकडचे, पाच वेळचे नमाजी आणि गप्पांचे शौकीन. बेलापूरला आमच्या ह्यांच्याच ऑफिसात असलेले कांबळे यायचे. ते मराठवाड्यातले, बौद्ध, आणि आत्मा हा शब्द ऐकला की खुर्चीत ताठ बसणारे. आमचे हेही यायचे, पण ते मुख्यतः काकींच्या पोह्यांसाठी. विषय काहीही चाले. कादंबरी, कर्म, कविता, मोक्ष. नियम एकच. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं आधी मांडायचं, त्याच्याकडून "हेच" वदवून घ्यायचं आणि मगच उत्तर द्यायचं. काका एका कारखान्यात तपासणी विभागात होते. "आमच्याकडे नमुना पास झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही," ते म्हणायचे. "मग माणसाचं म्हणणं न तपासता कसं फेटाळता?"

मी स्वतःला तेव्हा विदुषी समजत असे. पहिल्याच बैठकीत, सगळ्यांनी वाचलेल्या एका कादंबरीचा नायक भेकड आहे, बायकोमुलांना टाकून संन्यास घेतो म्हणजे काय, असं मी ठणकावून सांगितलं. कांबळे म्हणाले, "वहिनी, तो भेकड नाही." मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी हात वर केला. "सांगली, आधी कांबळ्यांचं म्हणणं."

"त्यांचं म्हणणं, नवऱ्यांनी काहीही केलं तरी चालतं. हेच ना?"

"नाही," कांबळे शांतपणे म्हणाले.

"संन्यास म्हणजे फार मोठी गोष्ट. हेच ना?"

"तेही नाही."

पोहे निवले, चहा झाला, दुसरा चहा झाला, पण कांबळे काही "हेच" म्हणेनात. मी रडकुंडीला येऊन घरी गेले आणि ती कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. दुसऱ्या वाचनात तो नायक मला थोडा कमी भेकड वाटला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

हा नियम आम्ही घरातही लागू करून पाहिला. "तुझं म्हणणं, मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो. हेच ना?" हे विचारायचे. मी म्हणायची, "हेच." त्यावर "बघ, मला कळलं" असं म्हणून ते कूस बदलून झोपायचे. टॉवेल तिथेच. काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की चष्मा कपाळावरून घसरून पोह्यांत पडला.

काकांचा देवावर विश्वास नव्हता. कडवटपणा नव्हता, पण विश्वासही नव्हता. आणि तरी हसनभाईंची श्रद्धा त्यांनी एकदा जी मांडली, ती मी विसरलेले नाही. सगळं आपल्या हातात नाही हे कळल्यावर माणसाला हलकं कसं वाटतं, दिवसातून पाच वेळा कपाळ जमिनीला लावलं की डोक्यातला साहेब कसा खाली उतरतो, असं ते बराच वेळ बोलत राहिले आणि मग म्हणाले, "हेच ना, हसनभाई?"

हसनभाईंनी रुमाल काढला. "हेच, राव. आमच्या मौलवींनी पण एवढं बेस सांगितलं नाय. आता तू उत्तर नको देऊस आज. ऐकून बरं वाटतंय, तर तसंच राहू दे."

आणि काकांनी खरंच त्या दिवशी उत्तर दिलं नाही.

काकी या सगळ्यात नसायच्या. म्हणजे असायच्या, पण दाराच्या आत. पोहे बाहेर यायचे, चहा बाहेर यायचा, रिकाम्या बश्या आत जायच्या. देवघर त्यांचं, उपासतापास त्यांचे, आणि काका त्यात कधी पडले नाहीत. बैठकीत एवढ्या जणांची बाजू मांडली गेली, पण काकींची बाजू कुणी मांडली नाही. त्यांना काही बाजू असेल असं मला, एवढ्या कादंबऱ्या वाचूनही, सुचलं नव्हतं.

मग काकांच्या हृदयाने दगा दिला. खाडीपलीकडे मुंबईच्या एका इस्पितळात आठवडाभर राहून ते परत आले, आणि त्याच रविवारी गॅलरीत शाल पांघरून बसले. आम्ही तब्येतीचं विचारत होतो, तर म्हणाले, "ते राहू दे. सगळ्यांदेखत एक सांगून ठेवतो. माझ्यामागे दहावं, बारावं, पिंड, काही करायचं नाही. मी मानत नाही, तर माझ्या नावाने ते होऊ नये."

आत खलबत्त्याचा आवाज थांबला. काकी दारात आल्या. त्यांच्या हाताला दाण्याचं कूट लागलेलं होतं.

"मी करणार," त्या म्हणाल्या.

काकी बैठकीत बोलल्या, हीच मोठी बातमी. हसनभाईंनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. काकांनी सवयीने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, आधी तुझं म्हणणं तरी मांडू दे. लोक काय म्हणतील याची तुला काळजी. हेच ना?"

"नाही."

"माझ्या आत्म्याला गती मिळणार नाही, असं वाटतं तुला. हेच ना?"

"तुमच्या आत्म्याचं तुम्ही आणि कांबळेभाऊजी बघून घ्या. नाही."

"मग तुझ्या माहेरची रीत..."

"नाही म्हटलं ना."

"अगं, मग तूच सांग!"

"मी का सांगू? नियम तुमचा आहे," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या. खलबत्ता पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

"राव," हसनभाई हळूच म्हणाले, "नियमानं तुला आता बोलायचा हक नाय."

पुढचे काही रविवार काकांचे वाईट गेले. मोक्षावर बोलता बोलता ते मध्येच थांबायचे आणि आतल्या दाराकडे बघून विचारायचे, "आपल्या मुलाच्या समाधानासाठी? हेच ना?" आतून उत्तर यायचं, "नाही." हे गमतीचं वाटत होतं, पण गंमत नव्हती. आपण गेल्यावर आपल्या मताविरुद्ध काहीतरी होणार, आणि जिच्या हातून होणार तिचं म्हणणं आपल्याला एवढ्या संसारानंतर कळत नाही, यातलं दुसरं दुःख मोठं होतं. ते बारीक झाले.

एकदा मी विरजण मागायला गेले, तेव्हा काकी देवळात गेल्या होत्या. काका एकटेच होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुम्ही इस्पितळात होतात ना काका, तेव्हा काकी तुमचंही पान वाढायच्या. रोज संध्याकाळी दोघांचा भात. मी म्हटलं, काकी, हे काय? तर म्हणाल्या, हाताला कळत नाही गं. मग तुमच्या वाटचा भात आमच्याकडे यायचा. ह्यांनी आठवडाभर फोडणीचा भात खाल्ला."

काका विरजण द्यायचंही विसरले.

त्या रविवारी पोहे यायच्या आधीच त्यांनी काकींना बाहेर बोलावलं. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवरच होता.

"तुझं म्हणणं असं," ते म्हणाले, "की मी मेल्यावर कुठे जातो हा प्रश्नच नाही. तू कुठे जातेस हा आहे. इतकी वर्षं माझं पान वाढलंस. एका दिवसात ते कसं थांबवायचं? हात कुठे ठेवायचे? तेव्हा ते दिवस माझ्यासाठी नाहीतच. ते तुझ्या हातांसाठी आहेत. रोज थोडं थोडं वाढायचं आणि मग एक दिवस थांबायचं. हेच ना?"

काकी जाळीतून बाहेर बघत होत्या.

"हेच," त्या म्हणाल्या.

आता काकांना उत्तराचा हक्क होता. आम्ही सगळे वाट बघत बसलो. काका म्हणाले, "पोहे आण."

त्यानंतर ते वर्षभर होते. हसनभाई अधूनमधून डिवचायचे, "राव, काकींना उत्तर द्यायचं राहिलंय." काका म्हणायचे, "तयारी चालू आहे." ती तयारी संपायच्या आत ते गेले. दुपारी, पेपर वाचता वाचता, कुणाशीही वाद न घालता.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. मुलगा बडोद्याहून आला होता. काकीही आल्या, बायकांनी यावं की नाही हे सांगायला नव्या गावात कुणी वडीलधारंच नव्हतं. पिंड ठेवला. समोरच्या खारफुटीवर कावळे होते, पण एकही येईना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. कुणीतरी बोला."

मुलगा म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळे हलले नाहीत. हसनभाई मागून पुढे आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "राव, रविवारची बैठक आमी बंद पडू देणार नाय." काही नाही. तेवढ्यात आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "काका, तुमची माझ्याकडे राहिलेली पुस्तकं उद्याच आणून देतो." सगळ्यांनी वळून पाहिलं. मला खाडीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. कावळ्यांना पुस्तकांचंही काही वाटलं नाही.

मग काकी पुढे झाल्या. "बाजूला व्हा जरा. ह्यांचं म्हणणं मांडायचं राहिलंय."

पदर खोचून त्या पिंडासमोर उभ्या राहिल्या आणि गॅलरीत बोलावं तशा साध्या आवाजात बोलल्या. "तुमचं म्हणणं असं. माणूस गेला की गेला. कुठे जात नाही, कुठून बघत नाही. हा भात आहे आणि तो पक्षी आहे. त्याला भूक लागली तर खाईल, नाही लागली तर नाही. त्यात तुमची इच्छा नाही आणि माझी पुण्याई नाही." त्या थांबल्या. मान तिरकी झाली. "हेच ना?"

खारफुटीवरून एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि भाताला चोच लावली.

गुरुजींनी हात जोडले. कांबळे आ वासून उभे राहिले. हसनभाई तिथल्याच दगडावर बसले; ते हसत होते की रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी बैठक भरली. विषय अर्थातच कावळा. आमचे हे म्हणाले, आला म्हणजे काकींचं खरं. कांबळे म्हणाले, भूक लागली म्हणून आला, म्हणजे काकांचंच खरं. आवाज चढले, कुणीही कुणाचं म्हणणं आधी मांडेना. शेवटी हसनभाईंनी आत हाक मारली, "काकी, तुमीच सांगा. कोण जिंकलं?"

काकी दारात आल्या. "मी तर नुसतं त्यांचं म्हणणं मांडलं. उत्तर कुठे दिलंय अजून?"

"मग द्या की."

"तयारी चालू आहे," काकी म्हणाल्या आणि आत वळल्या.

बश्या घेऊन मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर भात शिजत होता. ते लहान पातेलं मी त्या घरात प्रथमच पाहिलं.