साळूबाईच्या गुलाबाच्या काड्या

साळूबाई गुलाबाची काडी मातीत खोचून तिच्या वरच्या टोकावर शेणाची गोळी बसवी आणि म्हणे, "टोपी घातली, झाला पुढारी! आता बसल्या जागी फुगते का नाई, पाह्य." टोक वाळू नये म्हणून हा उपाय असे, पण कुणाचा तरी उद्धार केल्याशिवाय तिच्या हातून काडी लागत नसे. जी मूळ धरीना, तिचे नाव रेंजरसाहेब. "दोन वर्सं झाले, गावात रुजूनच नाई राह्यला!"

पहिल्या निवडणुकीनंतरची ती वर्षे. मी गोंडपिपरीत नवा मास्तर होतो आणि तिच्या पडवीत भाड्याने राहत होतो.

अंगणातला एकच गुलाब थट्टेबाहेर होता. बाळंतपणात गेलेल्या तिच्या लेकीने तो लावला होता. त्या हिवाळ्यात त्याला वाळवी लागली. साळूबाईने पाच फांद्या कापून एका डब्यात लावल्या. झाडावर एक कोवळी तेवढी राहिली. तीन आठवड्यांनी ती मार्कंड्याच्या जत्रेला निघाली. "देवापाशी माहं काय काम? जिलबी खाले चालली. मास्तर, पाणी शिंपड. काडीले हात लावशील तं हात तोडीन."

मी पाणी शिंपडले. आणि मुळे फुटली का, हे पाहण्यासाठी रोज सकाळी एकेक काडी उपसून पुन्हा खोचली. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळे दिसली. त्या आनंदात चौथ्या दिवशीही पाहिली. आठवड्याने ती परतली, तेव्हा पाचही वाळल्या होत्या.

"बकरी आली होती," मी म्हणालो.

तिने एक काडी उपसली आणि मोडलेल्या मुळांवरून बोट फिरवले. "लय शिकलेली बकरी दिसते. एक पान नाई खाल्लं. मुळं तपासले अन् परत लावून गेली!"

खरे बोलण्याची ती वेळ होती. मी हसून ती दवडली. पुढे ती भर बाजारात विचारी, "मास्तर, तुही बकरी कोन्त्या वर्गात गेली?" लोक हसत, मीही हसे, कबुली मात्र ओठांवर येईना. झाडावरची ती शेवटची फांदी तिने लावली आणि डबा आपल्या उशाशी ठेवला. त्या खोलीत मला मज्जाव होता. फांदी जगली.

पावसाळ्याआधी तिचा भाऊ तिला सिरोंच्याला न्यायला आला. बाकीची झाडे तिने गावात वाटून टाकली. तो डबा तेवढा छातीशी धरला. भावालाही हात लावू देईना.

बैलगाडीपाशी मी म्हणालो, "बाई, बकरी नव्हती."

"मंग कोन होतं?"

"मी."

"इतके दिवस लागले तुले? गाढवा, बकरी असती तं कवाच कबूल होऊन गेली असती."

डबा सांभाळत तिला गाडीत चढता येईना. भावाने हात पुढे केला. तिने डबा माझ्याकडे दिला.

"धर. अन् आत पाहू नको."

ती चढून नीट बसेपर्यंत मी मान वळवून बैलांकडे पाहत उभा राहिलो.